रिकाम्या गाडीचं माप

सेतू अण्णा गेले. गेल्या मंगळवारी मुरुगेसनचा फोन आला. हा मुरुगेसन चाळीस वर्षं अण्णांच्या दुकानात लेथवर उभा राहिलेला माणूस. त्याला फोनवर बोलायची सवय नाही, तो फोनवर ओरडतो. त्या दिवशी ओरडला नाही. "अण्णा पोइट्टार, मा," एवढंच म्हणाला. गेले. मी ऑफिसच्या बसमध्ये होते, सिरुसेरीच्या वाटेवर. शेजारची मुलगी विचारायला लागली, काय झालं, कोण होते? आता काय सांगणार तिला? नात्याचे नव्हते. नुसते घरमालक म्हणायला जीभ रेटेना. मी म्हटलं, "आमचे एक गाडीवाले अण्णा होते," आणि भर बसमध्ये मला रडू फुटलं.

गाडीवाले हेही तसं चूकच. अण्णा शाफ्ट बनवायचे. गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी दांडा जातो, गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेतो, तो प्रोपेलर शाफ्ट. तो वाकला, घासला, थरथरायला लागला की एग्मोर स्टेशनच्या मागच्या बोळात अण्णांकडे आणायचा. ट्रक, व्हॅन, जुन्या मोटारी, अस्के यायचे. अस्के म्हणजे सगळे. हा त्यांचाच शब्द. खाली दुकान, वरच्या मजल्यावर अण्णा आणि त्यांची बायको रुक्मक्का, त्याच्यावर गच्चीलगतच्या दोन खोल्यांत मी आणि माझा नवरा. सहा वर्षं राहिलो तिथे.

माप घ्यायची अण्णांची एक रीत होती आणि त्या रीतीपायी आख्खा बोळ त्यांना हसायचा. गाडी आपल्या चाकांवर, जमिनीवर उभी पाहिजे, हे तर झालंच. पण त्या गाडीत रोज जी माणसं बसतात ती माणसंही आपापल्या जागी बसलेली पाहिजेत. त्याशिवाय अण्णा टेप बाहेर काढायचे नाहीत. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, मी ड्रायव्हर पाठवलाय, घरचे कशाला? अण्णा म्हणायचे, "घरी जा, अस्क्यांना घेऊन ये." एकदा तांबरमहून एक कुटुंब आलं, नवरा, बायको, दोन मुली आणि त्याची थकलेली आई. सगळ्यांना व्हॅनमध्ये बसवून अण्णा गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. खालून हुकूम सोडत होते, हलू नका, मामी, पाय खाली घ्या. अर्धा तास झाला. म्हातारीला गाढ झोप लागली. काम संपल्यावर सुनेने हलवून उठवलं तर ती हात जोडून विचारते, "तिरुपती आलं का?" त्या दिवशी लेथसुद्धा बंद ठेवायला लागला, मुरुगेसनला हसू आवरेना.

मी एकदा विचारलं होतं. म्हटलं, अण्णा, शाफ्टला पुढेमागे सरकायला एक बोटभर जागा तुम्हीच सोडता, मग चार माणसांच्या वजनाने असा काय फरक पडणार आहे? ते म्हणाले, "माणसांनी काही पडत नाही. चाकं जमिनीवर असली की झालं." "मग?" "मग कसाला बसवतो? अगे, गाडी रिकामी कधी चालते का? रिकाम्या गाडीचं माप घेऊन मी काय करू?" एवढं बोलून ते भिंतीकडे वळले. मापं ते कागदावर लिहीत नसत. दुकानाची डावी भिंत खडूच्या आकड्यांनी भरलेली असायची, प्रत्येक आकड्यापुढे तमिळमध्ये गिऱ्हाइकाचं नाव.

आमची पहिली भेटही गाडीखालूनच झाली. मी मूळची सांगलीची. नवऱ्याची बदली इकडे झाली, मी सिरुसेरीला नोकरी धरली, आणि खोली शोधत त्या बोळात उभी राहून फोनवर नवऱ्याला झापत होते, पत्ता धड लिहून घेता येत नाही का म्हणून. तेवढ्यात समोरच्या ट्रकखालून आवाज आला, "कोण ते? पुण्याची मराठी बोलटलं कोण?" मी वाकून बघते तर पांढऱ्या मिशांचा एक चेहरा, गालाला ग्रीस. मी म्हटलं, "मी सांगलीची आहे, पुण्याची नव्हे!" ते म्हणाले, "अस्कं एकच." मग वर तोंड करून हाक मारली, "अगे रुक्मा, पुण्याची मुलगी आली आहे, कॉफी टाक!" खोली रिकामी आहे हे मला कॉफी पिऊन झाल्यावर कळलं. सांगली आणि पुणे यांत फरक आहे हे शेवटपर्यंत त्यांनी मान्य केलं नाही.

ही तंजावरकडची मराठी माणसं. तीनशे वर्षांपूर्वी कधीतरी आलेली. त्यांची मराठी मी इथे जमेल तशी लिहिते आहे, पण तिचा हेल कागदावर येत नाही. चांगल्याला चोखोट म्हणणार, पुरे म्हणायच्या ऐवजी तमिळमध्ये पोदुम म्हणणार. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ही मराठी ते फक्त बोलत. लिहीत नसत. शाळा तमिळमध्ये झालेली, पत्रं तमिळमध्ये, वाण्याची यादी तमिळमध्ये. मराठी फक्त तोंडातली, घरातली. अक्काला तर आपली अक्षरं ओळखूही येत नव्हती.

पण बोलणं! बाई गं! रुक्मक्काइतकं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. भाजीवाल्याशी तमिळमध्ये, माझ्याशी मराठीत, देवाशी मराठीत, दुधाचं पातेलं उतू गेलं तर पातेल्याशी मराठीत. मी अण्णांना अहो आणि तिला अगं म्हणायचं हे पहिल्याच आठवड्यात ठरून गेलं. आंबट वरण करता करता ती मला तिच्या मामेबहिणीच्या लग्नात आचारी कसा पळून गेला ते सांगायची, आणि वरण होईतो तिसऱ्या पिढीपर्यंत पोचायची. एकच माणूस तिचं ऐकत नव्हता. तिचा नवरा.

ऐकत नव्हता म्हणजे त्यांना ऐकूच येत नव्हतं. डावा कान ग्राइंडरच्या आणि घणाच्या आवाजाने कधीच गेलेला. उजवा बरा होता, पण दिवसभर दुकानात त्याचाही उपयोग नाही. अक्का जिन्यात उभी राहून काही सांगायला लागली की अण्णा ओरडायचे, "सांजे सांग!" सांजेला वर यायचे ते डोक्यात लेथ घेऊनच. मग "उद्या सांग." अक्का मला म्हणायची, "चाळीस वर्षांचं बोलणं शिल्लक आहे गे माझं. कोठे ठेवू?" हसून म्हणायची. मीही हसायची.

अण्णांची एक गाडी होती. दुकानाच्या आतल्या बाजूला ताडपत्रीखाली. साठच्या दशकातली अमेरिकन गाडी, दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरचं इंजिन. कुठल्या तरी बंद पडलेल्या गिरणीच्या मालकाने आणलेली आणि त्याच्या शेडमध्ये गंजत पडलेली. अण्णांनी ती घेतली त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. "आपल्या गाड्यांत रुक्मा माझ्या डाव्या बाजूला बसते. डावा कान मेलेला. ह्या गाडीत ती उजवीकडे बसणार." माणूस बायकोशी दोन गोड शब्द बोलत नाही आणि तिचं बोलणं ऐकू यावं म्हणून परदेशी गाडी घेतो! मला तेव्हा हे इतकं आवडलं होतं की मी नवऱ्याला तीनदा सांगितलं.

पण कसलं काय! त्या गाडीला गिअर तीनच. रस्त्याला लागून जरा वेग घेतला की इंजिन असं ओरडायचं की शेजारच्या माणसाला खाणाखुणा कराव्या लागत. दोघं एकदा कांचीपुरमला जाऊन आली. अक्का उतरली ती कानावर हात ठेवून. म्हणाली, "ह्यापेक्षा दुकानात चोखोट ऐकू येतं."

यावर उपाय होता आणि तो अण्णांना माहीत होता. ओव्हरड्राइव्ह. गिअरबॉक्सच्या मागे बसवायचा एक जादा डबा. वेग घेतल्यावर बटण दाबायचं. चाकं तेवढ्याच वेगाने फिरतात, इंजिन मात्र हळू फिरायला लागतं आणि त्याचा आरडाओरडा खाली बसतो. एका गिऱ्हाइकाने तो डबा अमेरिकेहून आणवून दिला होता. वर्षभर तो लाकडी खोक्यात तसाच पडून होता. फुरसतीत बसवू, म्हणत.

मग अक्काचा आवाज बसला. खोकला झाला असेल, थंड प्यायली असेल, असं करत दोन महिने गेले. आवाज उठेना. मीच तिला दवाखान्यात नेलं. घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढायला लागेल, डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल पण बोलता येणार नाही. तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. रिक्षात अण्णा खिशातली टेप ओढत आणि सोडत होते. अक्काच घोगऱ्या आवाजात माझी समजूत काढत होती, "तू रडू नको गे. तीन वीक बोलते ना, अस्कं बोलून टाकते."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी खोकं फोडलं.

तंजावरला जायचं ठरलं. अक्काचं माहेर तिथलं. सात तासांची वाट. अक्काने अटी घातल्या: "सात तास मी बोलणार, तुम्ही ऐकणार. मध्ये 'उद्या सांग' म्हणायचं नाही." अण्णा म्हणाले, "सरि." मी त्यांना इतक्या पटकन हो म्हणताना कधी पाहिलं नव्हतं. दुकानात बाहेरचं काम घेणं बंद झालं. गाडी लोखंडी घोड्यांवर चढली, चाकं खाली लोंबकळायला लागली. मुरुगेसन आणि अण्णांनी गिअरबॉक्सची शेपटी उघडली, डबा मावेना म्हणून गाडीची जमीन मधोमध कापून वर उचलली, ठोकून ठोकून जागा केली. अक्का जिन्यात बसून हे सगळं बघायची आणि मला म्हणायची, "माझ्या बोलण्याला जागा करताहेत बघ."

आता राहिला शाफ्ट. डब्याने जेवढी लांबी खाल्ली तेवढा तो तोडून आखूड करायचा, पुन्हा जोडायचा, तोल साधायचा. म्हणजे अण्णांचं रोजचं काम. डोळे मिटून केलं असतं.

शुक्रवारी दवाखान्यातून फोन आला. तारीख अलीकडे आली होती, पुढच्या गुरुवारीच दाखल व्हायचं. शनिवारी तपासण्या. रविवारी आमच्या बोळातली वीज दिवसभर बंद राहणार, दुरुस्तीसाठी, अशी पाटी लागलेली. म्हणजे शाफ्ट तोडणं, जोडणं, सगळं शनिवारी सांजेपर्यंत झालं तर सोमवारी पहाटे निघता येणार होतं. शनिवारी मी अक्काला घेऊन तपासण्यांना गेले. मागे काय झालं ते मला मुरुगेसनने सांगितलं. तो म्हणाला होता, अण्णा, गाडी खाली घेऊ, चाकांवर उभी करू, अक्का येऊ दे, तिला बसवू, मग माप घ्या. दोन तास जास्त जातील. अण्णा म्हणाले, "पोदुम, मुरुगेसा. वेळ कोठे आहे?" आणि टेप घेऊन खड्ड्यात उतरले. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबकळती, सीट रिकामी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी पहाटे मी थर्मास घेऊन खाली गेले. अक्काने जांभळं रेशमी लुगडं नेसलं होतं, केसांत मोगरा. गाडीत बसली, उजवीकडे. मला म्हणाली, "आल्यावर माझा आवाज संपलेला असेल बघ. अस्का ह्यांच्या कानात रिकामा करून येते." अण्णा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. शर्टाच्या खिशात टेप होतीच, ती ते देवळातही न्यायचे. गाडी बोळातून निघाली. मी फाटकाशी उभी राहून हात हलवत होते.

बोळाच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे. मागची चाकं त्यावरून खाली आली, गाडी दबली, आणि ठाण्‌कन असा आवाज झाला की कोपऱ्यावरचा चहावाला पातेलं टाकून बाहेर आला.

चाकं लोंबकळत असताना त्या गाडीखालचं अंतर जास्त भरलं होतं. शाफ्ट लांब झाला होता. जमिनीवर, वजनाखाली, त्याला मागे सरायला जागा उरली नाही आणि त्याने नव्याकोऱ्या ओव्हरड्राइव्हच्या डब्याला आतून धडक देऊन तो तडकवला. चारशे पावलांवरून गाडी ढकलत परत आणली. अक्का मागून चालत आली, लुगड्याचा काठ वर धरून. अण्णा कोणाकडेच बघत नव्हते.

पुष्कळ दिवसांनी अण्णांनी मला सांगितलं की जातानाच्या त्या चारशे पावलांत तिने सुरुवात केली होती. "अहो, लग्नानंतरच्या वर्षी आपण कुंभकोणमला उतरलो होतो, तेव्हा मी तुम्हाला—" इथपर्यंत. मग तो आवाज.

आता पुढचं सांगताना मला आजही चीड येते, अण्णांचीही आणि माझीही. गुरुवारपर्यंत तीन दिवस होते. पुरे तीन दिवस! त्यांनी काय करावं? हात धुवावेत, वर जावं, बायकोपुढे खुर्ची टाकून उजवा कान करून बसावं. सात तास काय, सत्तर तास मिळाले असते. पण नाही. ते खड्ड्यात उतरले ते तडकलेला डबा वेल्ड करायला. तो ॲल्युमिनियमचा, वेल्डिंगला दाद देईना. एकदा जोडला, पुन्हा चीर गेली. दुसऱ्यांदा जोडला, तेल गळायला लागलं. मंगळवारी मी अर्धी रजा घेऊन आले तर अक्का खाली दुकानात, खड्ड्याच्या कडेला स्टुलावर बसलेली. हातात कॉफीचा डबरा, इकडची ती पसरट वाटी. खाली ग्राइंडर चालू. ती म्हणाली, "अहो." ग्राइंडर थांबला. ती बोलायला लागली, आवाज म्हणजे नुसती खरखर. दोन शब्द झाले नसतील तर खालून अण्णा म्हणाले, "थांब गे. गाडीत सांग. उद्यापर्यंत करतो. शपथ." आणि पुन्हा ग्राइंडर.

अक्काने डबरा खड्ड्याच्या कडेवर ठेवला. "सरि," म्हणाली आणि जिना चढून गेली. मी तिथेच उभी होते. मी त्यांना ओढून बाहेर काढायला हवं होतं. माझी जीभ काही कमी तिखट नाही, नवरा साक्ष देईल. पण त्या माणसाचा चेहरा दिसला मला, घामाने आणि धुराने भरलेला, आणि मी गप्प बसले. कॉफीवर साय धरली.

गुरुवारी अक्का दाखल झाली. वॉर्डात नातेवाइकांची ही गर्दी. ऑपरेशनला नेताना अण्णांनी तिला एवढंच सांगितलं, "गाडी तयार ठेवतो."

अक्का घरी आली ती गळ्याला छिद्र आणि हातात पाटी घेऊन. पाटीवर ती तमिळ लिहायची, तेवढी एव्हाना मलाही वाचता यायची. दुसरं लिहिणार काय? एकदा तिने तमिळ अक्षरांत मराठी लिहून पाहिली, पण तिथे प आणि भ यांना एकच अक्षर, 'भात' आणि 'पात' एकच दिसायला लागलं. स्वतःच वाचून खांदे हलवून हसली आणि पुसून टाकली. पाटीवर तमिळ उमटायची, अण्णा मराठीत उत्तर द्यायचे. मला एकदा म्हणाले, "पाटी बोलते ती कोणी दुसरीच आहे. ही नव्हे." मी अक्काला आपली अक्षरं शिकवायला बसले. तिने तीन दिवस गिरवली, मग माझा हात थोपटून पाटी बाजूला ठेवली. थकायची फार.

कुंभकोणमला काय झालं होतं, ते अण्णांनी तिला विचारलं. मी समोर होते. अक्काने पाटी घेतली, बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं, आणि लिहिलं, "मरन्दु पोच्चु." विसरले. खरंच विसरली होती, की ते तमिळमध्ये सांगण्यासारखं नव्हतं, कोण जाणे. अण्णांनी ती पाटी हातात घेतली आणि पुसली नाही. तशीच भिंतीला टेकवून ठेवली. अक्काला नवी पाटी आणून दिली.

दीड महिन्याने डब्याचं नवं कवच आलं. या वेळी गाडी चाकांवर उभी केली. अक्काला उचलून आणून उजव्या सीटवर बसवलं. तिने मला हाताला धरून मागे बसवून घेतलं. मुरुगेसन चालकाच्या जागी बसला. तो आणि अण्णा वजनाला सारखेच. अण्णांनी तीनदा माप घेतलं. खालून विचारायचे, "बसली आहेस ना गे?" ती काय बोलणार? चप्पल जमिनीवर आपटायची. मग अण्णा वर आले आणि भिंतीवर आकडा लिहिला, पुढे नाव लिहिलं, रुक्मा. त्याखाली तिचं वजनही लिहिलं. एक्केचाळीस किलो.

ती दोघं तंजावरला जाऊन आली. मी विचारलं, काय गं, कसा झाला प्रवास? अक्काने लिहिलं, सात तास हेच बोलले. खाली लिहिलं, त्यातलं निम्मं खोटं. आणि डोळे मिचकावले. अण्णा, ज्यांच्या तोंडून दिवसाला दहा वाक्यं निघायची नाहीत, ते सात तास बोलले! पण त्या सांजेला ते वर गच्चीवर आले, कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "विक्रवांडीच्या पुढे मी बटण दाबलं. इंजिन खाली बसलं. इतकी शांत झाली गे गाडी. हिच्या बांगड्यांचा आवाज आला मला. गजऱ्यातलं फूल हिच्या मांडीवर पडलं, तेही ऐकलंसं वाटलं. आणि ही गप्प. मला सोसेना. म्हणून बोलत सुटलो." एवढं बोलून म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार होते?

अकरा महिन्यांनी अक्का गेली. पुढच्याच वर्षी आम्ही शोळिंगनल्लूरला स्वतःच्या घरात राहायला आलो. एग्मोर लांब पडायला लागलं. फोन करायची मी, पण अण्णांना फोनवर ऐकू येत नसे. मुरुगेसन मध्ये ओरडून इकडचं तिकडे करायचा.

शेवटची भेट गेल्या पोंगलनंतरची. रविवारी सकाळी आमच्या इमारतीखाली इंजिनाचा तो ओळखीचा घोगरा आवाज आला. खाली जाऊन बघते तर ती गाडी, पुसून लख्ख, आणि आत अण्णा. फार वाळले होते. टेप होती खिशात. "चल," म्हणाले, "कोवळमपर्यंत जाऊन येऊ." आमच्याकडून अर्ध्या तासावरचा हा समुद्रकिनारा. मी चपला घालून धावत गेले, उजवीकडचं दार उघडलं, तर सीटवर तांदळाचं पोतं. नीट उभं बसवलेलं, दोरीने सीटला बांधलेलं, वरून जांभळं लुगडं घडी करून टाकलेलं.

मला वाटलं, कोणाकडे पोचवायचं असेल. मी दोरी सोडायला हात घातला.

"राहू दे गे," अण्णा म्हणाले. "तू मागे बस."

मी मागे बसले. किती किलो, हे विचारायची गरज नव्हती. एवढ्याशा वजनाने शाफ्टला काही होत नाही, हे तर मला त्यांनीच शिकवलं होतं.

समुद्राकडच्या रस्त्याला लागलो. इंजिन ओरडायला लागलं, अण्णांनी वेग घेतला आणि बटण दाबलं. आवाज खाली बसला. खिडकीतून वारा येत होता तेवढाच. मला वाटलं, आता बोलतील. तंजावरला बोलले तसे. पण कोवळमपर्यंत अण्णा एक शब्द बोलले नाहीत. मान उजवीकडे कलती करून, चांगला कान त्या सीटकडे करून, गाडी चालवत राहिले. मध्ये एकदाच हळूच म्हणाले, "हं. मग?"